सात तारांचा कासरा

सिंदेवाहीच्या बाजारात उभं राहून 'माईकवाली कुठे राहते?' असं विचारलं, तर पानठेल्यावरचा माणूस हातातलं पान न सोडता पळसटोल्याच्या रस्त्याकडे बोट दाखवतो. वर सल्लाही देतो, की जरा जपून बोला, ती बाई रागीट आहे. सल्ला फुकटचा असला तरी खरा आहे. लग्नाच्या मांडवात कुणी 'हॅलो हॅलो' करत माईकवर टिचकी मारली, की उर्वशी रामटेके गर्दीतून वाट काढत येते आणि विचारते, "तुमच्या कानावर अशी टिचकी मारली तं चालन का?" समोर नवरदेव असला तरी सोडत नाही. एकदा प्रचारसभेत एका उमेदवाराला तिने हेच विचारलं होतं. तो पुढे निवडणुकीत पडला, पण त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.

माईकसेटचा धंदा तिच्या वडिलांचा, रामाजींचा. एक भोंगा, एक अँप्लिफायर आणि एक सायकल, एवढ्यावर त्यांनी बारशापासून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीपर्यंत अख्ख्या टापूचा आवाज वाहिला. लहानपणी उर्वशी त्या अँप्लिफायरच्या पेटीवर बसूनच जेवायची, कारण थंडीत ती पेटी गरम असायची. इतर मुली बाहुलीच्या वेण्या घालत तेव्हा ही दाताने वायरी सोलायची. समोरचा एक दात त्यापायी थोडा तुटला आहे, आणि ती हसली की तोच आधी दिसतो. पुढे झाडीपट्टीच्या नाटकांत ती माईक टांगायला लागली. हो, टांगायला. आमच्याकडे नाटकात माईक जमिनीवर उभा राहत नाही. रंगमंचावर आडवा बांबू, बांबूला दोरी, दोरीला माईक. खलनायक कितीही डरकाळ्या फोडो, त्याला शेवटी त्या लोंबत्या माईकखाली येऊनच मरावं लागतं. बाई बांबूवर चढते म्हणून लोक सुरुवातीला हसले. नंतर आवाज ऐकून गप्प झाले.

नवरा प्रवीण टेम्पो चालवतो, स्पीकर उचलतो आणि बायकोचा राग झेलतो. तिन्ही कामांत त्याचा हात धरणारा माणूस तालुक्यात नाही.

तर या प्रवीणने नागपुरातल्या एका बंद पडलेल्या रेकॉर्डिंग स्टुडिओचं सामान आपल्या टेम्पोतून हलवलं, आणि तिथल्या म्हाताऱ्या मालकाने जाताना त्याच्या हातात एक लाकडी डबा ठेवला. म्हणाला, "घेऊन जा. याची वायर उंदरांनी खाल्ली. नवीन वायर परदेशातून मागवावी लागते, आणि तेवढा दम आता माझ्यात नाही." डब्यात एक जडशीळ माईक होता आणि सोबत त्याची लोखंडी पेटी. व्हॉल्व्हचा माईक. जुन्या रेडिओत काचेची नळी असायची ना, बटण फिरवलं की हळूहळू तापून नारिंगी व्हायची, तशीच नळी या माईकच्या पोटात.

उर्वशीने डबा उघडला आणि तिचा राग दोन दिवस कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. साधा माईक दोन-तीन तारांवर भागवून घेतो. या राजेसाहेबांना सात तारा लागत होत्या. दोन नळी तापवायला, एक शंभरावर व्होल्ट पुरवायला, दोन आवाज परत आणायला, एक अर्थिंगची, आणि सातवी माईकने फक्त समोरचं ऐकायचं की चहूकडचं ऐकायचं हे ठरवायला. उंदरांनी दोन्ही टोकांचे प्लग तेवढे सोडले होते. बहुधा दात दुखले असतील.

"आता हे घेऊन काय करतं?" प्रवीणने विचारलं.

"मंगलीबाईले गानं म्हनाले लावतो," उर्वशी म्हणाली.

प्रवीणने कपाळावर हात मारून घेतला. तोही चुकीचा नव्हता.

मंगली म्हणजे पळसटोल्याच्या रोवण्याची म्होरकी. आमच्या भागात धानाच्या लावणीला रोवणा म्हणतात. चिखल केलेल्या बांदीत, म्हणजे बांधाने वेढलेल्या वावरात, बायका रांगेने वाकतात, हातातली धानाची रोपं, पऱ्हे, चिखलात खोचत मागे मागे सरकत जातात, आणि सरकता सरकता गातात. एक बाई पुढची ओळ म्हणते, बाकीच्या मागून झील धरतात. पळसटोल्यात ती पुढची ओळ कित्येक वर्षं मंगलीची. तिचा आवाज गोड नाही, साखर घातलेला मुळीच नाही. तो ओला आणि रुंद आहे, आणि त्यात एक खरखर आहे, नवीन माठावर हात फिरवल्यासारखी. उर्वशी लहान असताना पऱ्ह्याच्या पेंढ्या बांधावरून बांदीत फेकायची, तेव्हापासून तो आवाज तिच्या कानात बसला होता. पुढे आयुष्यभर ती माईक लावायची, तो बरोबर लागला की नाही हे त्याच आवाजाशी मनात ताडून बघायची. ही गोष्ट तिने मंगलीला कधी सांगितली नव्हती. रागीट माणसांना अशा गोष्टी सांगता येत नाहीत.

पण मंगलीला माईकचं नाव काढलेलं चालत नसे. मागे शहरातली काही मंडळी तिला गाडीत घालून घेऊन गेली होती, लोकगीतं जतन करायला. तिथे तिला काचेच्या खोलीत उभं केलं, कानावर डबे चढवले, जमिनीवर खूण करून सांगितलं, आजी, या खुणेवरून हलायचं नाही. सोबतच्या बायकांना बाहेर बाकावर बसवलं. मग तिचंच गाणं तिला ऐकवलं. मंगलीने ऐकलं आणि विचारलं, "कोनाची शेळी बांधून ठिवली आतमंदी?" मंडळी हसली. त्यातला एक हळूच म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मंगलीचे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. तिने ते ऐकलं, चहा न पिता उठली, आणि त्या दिवसापासून माईक म्हटला की तिच्या कपाळाला आठी पडायची.

यंदा रोवणा संपला त्या दिवशी बांधावर बसून पाय धुताना मंगलीने जाहीर करून टाकलं, की हा आपला शेवटचा रोवणा. पुढच्या साली गुडघे चिखलात उतरणार नाहीत. कुणीतरी 'असं नोको बोलू वो' म्हटलं, पण सगळ्यांना दिसत होतं की बाईला बांदीतून बाहेर काढायला दोघींना हात द्यावा लागला होता. ती खबर उर्वशीच्या कानावर आली होती. म्हणून हा डबा तिला एवढा मोलाचा.

ती मंगलीच्या अंगणात गेली. मंगली तांदूळ निवडत होती, आणि तिचा नवरा लटारू पडवीत पाय पसरून सुताच्या लडी सोडवत होता. पोळा तोंडावर आला होता, आणि पळसटोल्यातल्या निम्म्या बैलांचे नवे कासरे, मोरख्या आणि दावी लटारूच्या हातची असतात.

"बाई, एकडाव माह्या माईकात म्हणा," उर्वशी सरळ मुद्द्यावर आली.

"नाई."

"हा येगळा माईक हाय. याच्या पोटात दिवा हाय."

"माह्या घरी बी दिवा हाय. नाई म्हंटलं ना."

उर्वशीचा पारा चढला. "मंग पुढच्या साली रोवण्यात कोनाचा आवाज आयकाचा आमी? तुमी तं बसान खाटेवर!"

लटारूच्या हातातली लड थांबली. मंगलीने सुपातलं डोकं वर काढलं आणि उर्वशीकडे पाहिलं. एवढ्या तोंडाळ पोरीच्या डोळ्यांत पाणी कसं, हे तिला कळेना. शेवटी म्हणाली, "एकडाव म्हनतो. फकस्त एकडाव. मधात थांब म्हंटलं तं उठून जाईन. अन् आयकल्यावर तो माहा आवाज नाई वाटला, तं पुन्हा माईकाचं नाव काढाचं नाई. कबूल?"

"कबूल," उर्वशी म्हणाली, आणि घरी येईपर्यंत तिची पाचावर धारण बसली. कारण वायर अजून जगात अस्तित्वातच नव्हती.

मग दुकानाच्या मागच्या खोलीत वायरींचा संसार मांडला गेला. आवाजाच्या दोन तारा तिने एका जुन्या, चांगल्या माईकच्या वायरीतून घेतल्या, त्यांच्यावरच्या तांब्याच्या जाळीसकट, म्हणजे घरघर आत शिरणार नाही. बाकीच्यांसाठी बारीक, मऊ, जाड कातडीच्या तारा निवडल्या. सहा झाल्या आणि सामान संपलं.

"सातवी राहू दे," प्रवीण म्हणाला. "गानारी एकच हाय. चारी बाजूचं आयकून का करतं?"

"पेटीत सात खुट्या हायत तं सात तारा जातीन. कंपनी का येडी होती?"

"अवो, पन तार नाई ना."

उर्वशीने इकडेतिकडे पाहिलं, उठली, आणि स्वतःच्या घराच्या दाराची बेल उपटून तिची तार काढली. त्यानंतर बरेच दिवस पाहुण्यांना दारात उभं राहून हाका माराव्या लागल्या. पण सातवी तार आली.

कथील वितळवून तारेला डाग मारणं हे देवपूजेसारखं करावं असं रामाजी म्हणायचे, म्हणजे तोंड बंद आणि हात स्वच्छ. उर्वशीला दुसरं जमतं. प्लगमधल्या खुट्यांचे आकडे समोरून वाचले तर एका दिशेने जातात आणि पाठीमागून, जिथे डाग मारायचा तिथून, उलटे. एक तार चुकली की शंभरावरचे व्होल्ट नको तिथे शिरून माईक राम म्हणणार. म्हणून ती प्रत्येक डागानंतर मीटर लावी. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला दारात प्रवीण. ती ओरडे, "चार!" प्रवीण चार नंबरला टोक लावी आणि मीटर पीं करून वाजे. शेजारची रुखमा दोनदा डोकावून गेली, की नवरा-बायकोचं आज भांडण आहे की हिशेब.

पण सात सुट्या तारा म्हणजे वायर नव्हे. त्या एकत्र, घट्ट आणि गोल बसायला हव्यात, नाहीतर कुठेतरी अडकून एखादी तुटणार. उर्वशीने वरून चिकटपट्टी गुंडाळून पाहिली. ते प्रकरण अजगरानं घूस गिळल्यासारखं दिसायला लागलं. ती उचलून लटारूकडे घेऊन गेली.

लटारूने सातही तारा बोटांत घेऊन चाचपल्या. "आवाजाची कोनती?"

"ही जाडी, तांब्याच्या जायीवाली."

"मंग ते मधात. बाकीच्या तिच्यावरून पिळतो. सूत घेतो वरून, लाल. पन पयले बैल, मंग तुहा माईक."

"भाऊ, बैल का गाऊन राह्यले हायत?"

"माईक का नांगर वढते?" लटारू म्हणाला, आणि मंगली आतून मोठ्याने हसली. शेवटी माईक पाटलाच्या गोऱ्ह्यानंतर आणि कोलू नावाच्या शेतकऱ्याच्या बैलजोडीच्या आधी, असा नंबर लागला. कोलूने दोन दिवस तोंड फुगवलं.

लटारूचं काम पाहणं हाही एक सोहळा असतो. तारांचं एक टोक कडुलिंबाच्या खोडाला, दुसरं त्याच्या हातातल्या लाकडी भिंगरीला. भिंगरी फिरवत तो एक-एक पाऊल मागे सरकतो आणि तारा एकमेकींच्या गळ्यात पडत जातात. मग वरून लाल सूत, तेही पिळाचं. तयार झाला तो चांगला करकरीत कासरा होता, कुणाच्याही बैलाने मिरवावा असा. लटारूने तो हातावर तोलला आणि म्हणाला, "आता याले पान्यात भिजवतो, अन् दोन झाडाले ताणून ठिवतो. त्याबिगर पीळ बसत नाई."

"पान्यात?" उर्वशी किंचाळली. "भाऊ, याच्यातून शंभराच्या वर करंट जाते! अन् ताणून ठिवाल तं आतला डाग तुटन!"

"नवा दोर हाय बाई. तसाच वापरला तं आंग मोडते तो."

"बैलाचा दोर नाई हा, वायर हाय!"

लटारूने खांदे उडवले. त्याच्या मते दोर तो दोर. उर्वशीच्या मते वायर ती वायर. दोघंही आपापल्या धंद्यात पक्के होते, आणि चूक नेमकी दोघांच्या मधे जाऊन बसली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, सकाळी मंगलीच्या अंगणात माईक लागला. गावातली पोरं लाकडी बैल सजवण्यात गुंतली होती, म्हणून अंगणात तेवढी शांतता. अंगणातल्या वेलाच्या मांडवाच्या बांबूवरून उर्वशीने माईक टांगला. स्टँड तिच्या टेम्पोत होता. पण तिच्या हातांना सवय टांगायची, आणि लाल कासरा होता मजबूत, माईकच्या पट्ट्यातून फास घालून घेतला की मुलूख उचलेल असा. स्टँड आठवलाच नाही. पेटीचं बटण दाबल्यावर जाळीच्या आत मंद नारिंगी उजेड पडला. सोबतच्या रोवणाऱ्या बायका तो बघायला एकमेकींच्या खांद्यावरून वाकल्या. मंगलीनेही वाकून पाहिलं. म्हणाली, "चुलीत निखारा हाय जसा." आणि नळी तापेपर्यंत थांबायचं आहे म्हटल्यावर तिला बरंच वाटलं. तिच्या मते ज्या वस्तूला तापायला वेळ लागतो ती भरवशाची.

उर्वशीने मग बायकांना ओट्यावर बसवलं. "कोनी बोलाचं नाई, खोकलाचं नाई, बांगड्या बी वाजवाच्या नाई. फकस्त मंगलीबाईचा आवाज पायजे." बायका शहाण्यासारख्या ओट्यावर बसल्या. मंगली माईकसमोर एकटी उभी राहिली. उर्वशी कानाला हेडफोन लावून पडवीत बसली, समोर लॅपटॉप, शेजारी पेटी. शहरातल्या मंडळींना तिने मनातल्या मनात किती नावं ठेवली होती, आणि आपण आत्ता नेमकं तेच केलंय, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

मंगलीने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बांदीत आभाय सांडलं वो बाई, आभायात रोवू धान..."

उर्वशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच आवाज. तीच खरखर, तोच ओलावा, कानाजवळ, इतका जवळ की श्वासही ऐकू यावा. तिने डोळे मिटून घेतले. पेंढ्या फेकणारी पोरगी होऊन ती बांधावर उभी होती.

आणि मग आवाज दूर जायला लागला.

आधी तिला वाटलं, मंगली मागे सरकली. तिने डोळे उघडले. मंगली जागच्या जागी होती. हलत होता तो माईक. नव्या कोऱ्या कासऱ्याने आपलं अंग मोडायला काढलं होतं. वजनाखाली त्याचा पीळ उलगडत होता आणि त्याबरोबर माईक सावकाश, ऐटीत, रुसलेल्या नवरदेवासारखा वळत वळत मंगलीकडे पाठ करत होता.

लटारूने हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "सांगतलं होतं," तो प्रवीणच्या कानात पुटपुटला, "भिजवू दे म्हंटलं होतं."

उर्वशीला उठता येईना. थांबवलं की मंगली उठून जाणार. न थांबवलं तर मंगलीचा आवाज भिंतीवरून आपटून पातळ होऊन येणार, म्हणजे पुन्हा तीच शेळी. एकुलती एक संधी तिच्या डोळ्यांसमोर बांबूला लटकून फिरत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला रागवायलाही कुणी सापडेना.

मंगलीने डोळे उघडले. समोर माईकची पाठ. क्षणभर तिची ओळ अडखळली. मग तिने जे केलं ते तिने आयुष्यभर बांदीत केलं होतं. तिने कमरेला पदर खोचला, जराशी वाकली, आणि गाणं न सोडता एक एक पाऊल सरकत माईकच्या तोंडाच्या मागे निघाली. माईक फिरतोय, बाई फिरतेय. आणि पाय हलले तसा गळाही सुटला. उभ्या उभ्या म्हटलेली पहिली ओळ चांगली होती, पण ही दुसरी ओळ अंगातून वर आली.

ओट्यावरच्या बायकांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. म्होरकी सरकायला लागली आणि आपण बसून राहायचं? पहिली उठली करिष्मा, मंगलीच्या रांगेत नेहमी तिच्या डाव्या हाताला असणारी. मग रुखमा. मग सगळ्याच. कुणी कुणाला खूण केली नाही. मंगलीची ओळ संपली आणि झील अंगणभर उठली, "वो बाई, आभायात रोवू धान!" बांगड्या वाजल्या, कुणीतरी खोकलं, आणि माईकभोवती वाकलेल्या, सरकणाऱ्या बायकांचं रिंगण तयार झालं.

हेडफोनमध्ये मात्र गोंधळ होता. माईकसमोर जी येई ती मोठी, बाकीच्या विहिरीत पडल्यासारख्या. मंगली आली, गेली, रुखमा आली, गेली. उर्वशीने पेटीकडे पाहिलं. पेटीवर एक काळी चावी होती, सातव्या तारेची. तिचा हात आपोआप तिच्यावर गेला. तिने चावी हळूच फिरवली, एक खट, दोन खट. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग, तळ्यात पाणी चढावं तसं, एकेक बाजू भरत आली. मागून झील आली, डावीकडून बांगड्या, कुठूनतरी पोराच्या लाकडी बैलाची चाकं, आणि या सगळ्यांच्या मधोमध, कुणावर न चढता आणि कुणाखाली न दबता, मंगलीचा आवाज. माईक बिचारा अजून फिरतच होता. आता त्याला कितीही फिरू दे.

प्रवीणने तिच्याकडे पाहिलं. ती रडत होती आणि तुटका दात दाखवत हसतही होती. त्याने तिच्या डोक्यावर हलकेच टपली मारली, आणि तिने ती चक्क खाऊन घेतली.

गाणं संपलं. बायका धापा टाकत, हसत एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. कासराही तोवर दमून शांत लोंबत होता. मंगलीने पदराने तोंड पुसलं आणि पडवीच्या पायरीवर बसकण मारली. "आयकव," ती म्हणाली.

उर्वशीने अंगणात दोन स्पीकर ठेवले. खोकला आहे, चाकं आहेत, सुरुवातीला आवाज पळालाही आहे. काही म्हणता काही स्वच्छ नाही. तिने बटण दाबलं आणि मंगलीकडे न बघता जमिनीकडे बघत उभी राहिली.

"बांदीत आभाय सांडलं वो बाई..." स्पीकरमधून मंगली म्हणाली.

पायरीवरची मंगली ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. लटारू तिच्याकडे चोरून बघत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिला रागावलेली पाहिली होती, हसताना पाहिली होती, पण ऐकताना कधी पाहिली नव्हती. रोवण्याच्या गाण्यात पुढची ओळ म्हणणारीला ऐकायला फुरसत कुठे असते? बाकीच्या झील धरतात तेव्हा तिला श्वास घ्यायचा असतो आणि पुढचे शब्द गोळा करायचे असतात. अख्खं गाव तिच्या आवाजावर वाढलं. तो तिच्या एकटीच्याच वाट्याला आला नव्हता.

आवाज दूर गेला, मग परत आला, मग रिंगण उघडलं आणि सगळ्या बायका अंगणात भरून आल्या. स्पीकरमधल्या मंगलीची ओळ संपली. झील उठली. आणि पायरीवरच्या मंगलीने, डोळे न उघडता, मान डोलावत झील धरली. पहिल्यांदा. हळू आवाजात, नव्या सुनेसारखी, चुकायला नको अशा बेताने. करिष्मा तिच्या डाव्या हाताला येऊन बसली आणि तिनेही धरली. मग सगळ्यांनी. पुढे एकजण म्हणत होती आणि मंगली तिच्या मागे, बाकीच्यांसोबत, रांगेत.

गाणं संपलं. उर्वशीने शेवटी धीर करून विचारलं, "बाई, तुमचाच आवाज वाटून राह्यला ना?"

मंगलीने स्पीकरकडे बोट केलं. "ही बाई चांगली म्हनते वो," ती म्हणाली. "पुढच्या साली रोवण्याले हिलेच नेजा."